कड्यावरची सॅफो

एक स्त्री खडकाला रेलून उभी आहे. कमरेपासून खाली काळे, झिरझिरीत वस्त्र. वरचा देह उघडा. मोकळे सोडलेले काळेभोर केस, आणि त्यांची सावली चेहऱ्यावर इतकी दाट की डोळे शोधावे लागतात. एका हातात लायर आहे, पण ती वाजवण्यासाठी धरलेली दिसत नाही; दमलेल्या माणसाच्या हातात ओझे लोंबकळत राहावे तशी ती आहे. मागे समुद्र आणि उदास आकाश. चित्राची उंची सव्वादोन मीटरच्या वर, त्यामुळे पाहणाऱ्यासमोर जवळजवळ माणसाएवढीच बाई उभी राहते. शार्ल-ऑग्यूस्त मांजँ या फ्रेंच चित्रकाराने १८७७ साली रंगवलेले हे ‘सॅफो’. आज ते इंग्लंडमध्ये, मँचेस्टर आर्ट गॅलरीत आहे. सॅफोविषयी काहीही शोधायला गेले की संगणकाच्या पडद्यावर बहुधा हेच चित्र आधी येते. ख्रिस्तपूर्व सहाशेच्या आसपास लेस्बॉस बेटावर गाणी रचणाऱ्या बाईचा हा जणू अधिकृत फोटोच होऊन बसला आहे.

चित्र पाहताना बहुतेकांना ठाऊक असते, किंवा कोणीतरी सांगते, की ही बाई आता उडी घेणार आहे. फाओन नावाच्या देखण्या नावाड्याने तिला झिडकारले, म्हणून ल्यूकासच्या कड्यावरून तिने समुद्रात जीव दिला. ही गोष्ट आली कोठून, आणि ती खोटी असेल तर या चित्रात नेमके कोण उभे आहे, या प्रश्नाने मला बरीच वर्षे नादी लावले आहे. मी ग्रीक जाणत नाही. भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचते. ॲन कार्सन यांच्या २००२ सालच्या इंग्रजी भाषांतरात जेथे मूळ कागद फाटला आहे तेथे चौकटी कंस छापले आहेत. काही पानांवर शब्दांपेक्षा कंस आणि कोरी जागाच जास्त. सॅफो खरोखर किती उरली आहे हे मला त्या पानांनी जितके कळले तितके कोणत्याही प्रस्तावनेने कळले नाही.

आधी चित्रकाराकडे जाऊ. मांजँचा जन्म १८५३ चा, म्हणजे हे चित्र काढताना तो चोविशीच्या आसपास होता. त्याचे एक गुरू अलेक्झांद्र काबानेल. काबानेलची ‘व्हीनसचा जन्म’ १८६३ च्या सलोनमध्ये तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली होती, आणि पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत तो प्राध्यापक होता. या शाळेची रीत ठरलेली होती. आधी जुन्या पुतळ्यांच्या प्लॅस्टर नकला उतरवायच्या, मग जिवंत नग्न मॉडेल, मग इतिहास-पुराणातला एखादा प्रसंग. चित्रांच्या उतरंडीत सर्वांत वर इतिहासचित्र, सर्वांत खाली फळे-फुले. उघडा देह काढायचा तर त्याला पुराणाचा परवाना लागे. व्हीनस, अप्सरा किंवा ग्रीक कवयित्री असे नाव दिले की सभ्य कुटुंबांनाही ते चित्र उभे राहून पाहता येई. याच १८७७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये इंप्रेशनिस्टांचे तिसरे प्रदर्शन भरले होते आणि त्यात मोनेने सँ-लझार रेल्वेस्थानकाची धुराने भरलेली चित्रे लावली होती. कलेच्या इतिहासाची पुस्तके त्या धुराच्या बाजूने लिहिली गेली. मांजँचे नाव त्यांत सहसा येत नाही. तो १९३३ पर्यंत जगला आणि लोकांना ठाऊक राहिला तो जवळजवळ या एका चित्रापुरता.

एक गोष्ट जाता जाता. ज्या शाळेत ही रीत शिकवली जाई तिचे दरवाजे विद्यार्थिनींना १८९७ पर्यंत बंद होते. जगातल्या पहिल्या थोर कवयित्रीचे चित्र त्या परंपरेत कोण काढणार हे त्यामुळे आधीच ठरलेले होते.

आता १८७७ साली मांजँला, किंवा पॅरिसमधल्या कोणाही सुशिक्षिताला, सॅफोविषयी काय ठाऊक असू शकत होते ते पाहू. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपंडितांनी तिच्या गाण्यांची संहिता तयार केली होती. ती आठ किंवा नऊ ग्रंथांची होती असे मानतात. एकूण ओळी दहा हजारांच्या घरात असाव्यात असा अंदाज केला जातो. मध्ययुगापर्यंत हे सर्व नाहीसे झाले. उरले ते दुसऱ्यांच्या ग्रंथांत अडकलेले. अफ्रोडाइटीला केलेली प्रार्थना पूर्ण उरली, कारण डायोनिसियस या साहित्यशास्त्रज्ञाला सफाईदार शब्दरचनेचा नमुना हवा होता. दुसरी प्रसिद्ध कविता, प्रिय व्यक्तीला पाहताच अंगाची होणारी अवस्था सांगणारी, अर्धीमुर्धी उरली; तिचे श्रेय उदात्ततेवरच्या त्या ग्रंथाला, जो आपल्याकडे साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातून लाँजायनसच्या नावाने ओळखला जातो. बाकी शंभराहून अधिक तुकडे. एखाद्या व्याकरणकाराला बोलीतला विचित्र शब्द दाखवायचा होता, एखाद्या छंदशास्त्र्याला वृत्ताचे उदाहरण हवे होते, कोणाला फुलांच्या माळांविषयी लिहायचे होते. अशा कामासाठी चिमटीने उचललेल्या ओळी. त्यांतून कविता दिसते, पण कवयित्रीचे आयुष्य जवळजवळ दिसत नाही. कड्याचा तर उल्लेखही नाही.

कड्याची गोष्ट आपल्याला भेटते ती स्ट्रॅबो या भूगोलकाराच्या ग्रंथात. त्याने मिनँडरच्या एका नाटकातल्या ओळी दिल्या आहेत. (हा ‘मिलिंदपञ्ह’मधला मिनँडर राजा नव्हे, हा अथेन्सचा प्रहसनकार, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला.) फाओनच्या मागे लागलेल्या सॅफोने त्या कड्यावरून पहिली उडी घेतली असे त्या ओळींत आहे. म्हणजे सॅफोनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, एका विनोदी नाटककाराच्या तोंडून. आणि स्ट्रॅबो लगेच पुस्ती जोडतो की जुन्या गोष्टींची ज्यांना अधिक माहिती आहे ते म्हणतात, पहिली उडी सॅफोची नव्हे, केफालस नावाच्या पुरुषाची. ही पुस्ती पुढच्या कवी-चित्रकारांनी सोयीस्करपणे गाळली.

स्ट्रॅबो त्याच ठिकाणी आणखी एक हकिगत देतो, आणि मला ती सॅफोच्या गोष्टीपेक्षाही विलक्षण वाटते. ल्यूकासला अपोलोचे देऊळ होते. दरवर्षी देवाच्या उत्सवात एका गुन्हेगाराला त्या कड्यावरून खाली लोटत. लोकांवरचे अरिष्ट टळावे म्हणून. पण त्याच्या अंगाला तऱ्हेतऱ्हेचे पंख बांधत, जिवंत पक्षीही बांधत, म्हणजे त्यांच्या फडफडीने पडण्याचा वेग कमी व्हावा. खाली लहान लहान होड्यांतून माणसे गोल करून थांबलेली असत; पडलेल्याला शक्य तर वाचवून हद्दीबाहेर सोडत. पंख लावलेला माणूस, खाली वाट पाहणाऱ्या होड्या. एवढे चित्र समोर असताना कोणत्याही फ्रेंच चित्रकाराला हे का रंगवावेसे वाटले नसावे?

‘ल्यूकास’ या नावाच्या मुळाशी पांढऱ्या रंगाचा शब्द आहे. तेथले कडे खरोखरच पांढरे आहेत. सॅफोच्या नंतरच्या पिढीतला कवी अनॅक्रिऑन याच्या एका तुकड्यात तो पांढऱ्या कड्यावरून समुद्रात उडी घेतल्याचे सांगतो, प्रेमाच्या नशेत. अनॅक्रिऑनने आत्महत्या केली असे यावरून कोणी म्हणत नाही. ‘पांढऱ्या कड्यावरून उडी’ हा प्रेमात देहभान हरपण्यासाठीचा वाक्प्रचार असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि मला ते पटते. आपणही ‘प्रेमात पडणे’ म्हणतो. उद्या कोणी त्यावरून हाड मोडल्याचा अहवाल मागितला तर? सॅफोच्या एखाद्या हरवलेल्या गाण्यात असा शब्दप्रयोग असेल, फाओनचे नावही असेल. फाओन हा मुळात दंतकथेतलाच पुरुष आहे: लेस्बॉसचा म्हातारा नावाडी, ज्याने म्हातारीच्या वेषातल्या अफ्रोडाइटीला फुकट पलीकडे नेले आणि बदल्यात तारुण्य आणि रूप मिळवले. अफ्रोडाइटीच्या प्रेमकथेतला नायक गाणारीच्या नावे लावला गेला, हे अगदी शक्य आहे. पुरुष कवीचे रूपक रूपकच राहिले आणि बाईचे रूपक तिचे चरित्र झाले.

याला अथेन्सच्या रंगभूमीचा मोठा हातभार लागला. ‘सॅफो’ नावाची निदान सहा प्रहसने तेथे लिहिली गेली होती. डिफिलसच्या नाटकात तर आर्किलोकस आणि हिपोनॅक्स हे दोन कवी तिचे प्रियकर म्हणून येतात. एक तिच्या आधीचा, एक नंतरचा. प्रेक्षकांना त्याचे सोयरसुतक नव्हते, हसायला मिळाले की झाले. मग रोममध्ये ऑव्हिडच्या नावावर असलेले, सॅफोने फाओनला लिहिलेले पद्यपत्र आले. ते ऑव्हिडचेच की दुसऱ्या कोणाचे, यावर वाद आहे. पण युरोपने सॅफोचे चरित्र म्हणून शतकानुशतके वाचले ते हेच पत्र. त्यात ती म्हणते की फाओनपुढे लेस्बॉसच्या साऱ्या मुली मला नकोशा झाल्या, आता कड्याकडे जाते. नकाशा उघडून पाहावा: लेस्बॉस तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून, ल्यूकास ग्रीसच्या पश्चिमेला, मध्ये सारा ग्रीस. जीव द्यायला बाईने एवढा प्रवास केला!

फ्रान्समध्ये या पत्राला सुगीचे दिवस आले ते एकोणिसाव्या शतकात. १८०१ साली आंत्वान-जाँ ग्रोने चंद्रप्रकाशात कड्याच्या टोकावरून झेपावणारी, लायर छातीशी धरलेली सॅफो रंगवली. (या ग्रोनेच १८३५ मध्ये पाण्यात जीव दिला, हा योगायोग त्याचे चरित्रकार सोडत नाहीत.) शासेरिओने तिला पुन्हा कड्यावर आणले, प्रादिएने १८५२ मध्ये संगमरवरात बसवली, त्याच्या एक वर्ष आधी गूनोच्या संगीतिकेत ती लायरला निरोप देऊन समुद्रात गेली. या सगळ्यांत एक सोयही होती. सॅफोची उरलेली कविता बायकांना उद्देशून आहे, हे वाचणाऱ्यांना कळत होतेच. १८१६ साली वेल्कर या जर्मन पंडिताने तिला त्या ‘प्रवादा’तून मुक्त करण्यासाठी एक पुस्तकच लिहिले. १८५७ साली बोदलेअरच्या कवितासंग्रहातल्या ज्या सहा कवितांवर पॅरिसच्या न्यायालयाने बंदी घातली, त्यांत एकीचे शीर्षक ‘लेस्बॉस’ होते. ती बंदी उठायला १९४९ उजाडले. अशा काळात फाओन कामाला येतो. पुरुषासाठी मेलेली बाई दिवाणखान्यात लावता येते.

मांजँचे चित्र या रांगेतलेच, पण माझ्या मते थोडे बाजूला उभे राहणारे. त्यात फाओन नाही. उडी नाही. वाऱ्याने फडफडणारी वस्त्रे नाहीत, चंद्र नाही, आकाशाकडे लावलेले डोळे नाहीत. शीर्षक झाकले तर ही बाई मरायला आली आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही. ती विचार करते आहे इतकेच म्हणता येईल. काबानेलची व्हीनस लाटांवर पहुडली आहे, पाहणाऱ्याच्या सोयीसाठी. ही उभी आहे, भार खडकावर टाकून, आणि चेहरा अंधारात ठेवून. उघड्या छातीवर उजेड आणि चेहऱ्यावर काळोख ही मांडणी बाजारासाठी केलेली असेल. सलोनच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते त्या पोराला ठाऊक होते. पण परिणाम असा झाला आहे की देह दिसतो आणि बाई हाती लागत नाही. मला वाटते चित्र टिकले ते यामुळे.

आणि तरीही ही सॅफो नव्हे. १८७९ मध्ये, चित्रानंतर दोनच वर्षांनी, इजिप्तमधल्या फायूम भागात सॅफोच्या ओळी असलेला एक चर्मपत्राचा तुकडा मिळाला. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन ऑक्सफर्डच्या तरुणांनी ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत खणायला सुरुवात केली. हे खरोखरचे उकिरडे होते: हिशेबाचे कागद, पत्रे, करपावत्या, आणि त्यांत फाटलेल्या गुंडाळ्या. १८९८ मध्ये छापलेल्या पहिल्याच खंडात सॅफोची एक कविता होती, समुद्रावर गेलेला भाऊ सुखरूप परत यावा म्हणून केलेल्या प्रार्थनेची. १९२२ च्या पंधराव्या खंडात आणखी पुष्कळ तुकडे आले. त्याच खंडात तिच्या चरित्राचा एक प्राचीन तुकडाही होता. त्याचा लेखक म्हणतो, ती दिसायला सामान्य, वर्णाने सावळी आणि फार ठेंगणी होती. तो तिच्यानंतर काही शतकांनी लिहीत होता, तेव्हा त्याच्यावरही किती विसंबायचे हा प्रश्नच. पण मांजँच्या उंच, गोऱ्या बाईशेजारी ही ओळ ठेवली की गंमत वाटते.

त्या १९२२ च्या तुकड्यांतला एक फारच त्रोटक होता: ओळींचे शेवट तेवढे उरलेले. २००४ साली जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संग्रहातला एक पपायरस प्रसिद्ध झाला. तो ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, सॅफोचे आजवर मिळालेले सर्वांत जुने हस्तलिखित. ममीच्या आवरणासाठी रद्दी कागद चिकटवून पुठ्ठा करीत, त्या पुठ्ठ्यातून तो सुटा केलेला होता. त्यावर त्याच कवितेच्या ओळींच्या सुरुवाती होत्या. दोन्ही तुकडे जोडल्यावर बारा ओळींची कविता जवळजवळ पूर्ण उभी राहिली. बोलणारी बाई तरुण मुलींना गाण्या-नाचण्याकडे वळवते आणि स्वतःच्या म्हातारपणाविषयी बोलते: काळे केस पांढरे झाले, गुडघे साथ देत नाहीत, पण करणार काय, माणसाला हे चुकत नाही. मग उषादेवीचा प्रियकर टिथोनस आठवतो, ज्याला अमरत्व मिळाले पण तारुण्य नाही.

कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हा नियम मी कड्याच्या बाबतीत लावला. तो येथेही लावायला हवा. या बारा ओळींवरून सॅफो म्हातारपणी अंथरुणावर वारली असे सिद्ध होत नाही. एवढेच म्हणता येते की कड्यावरची काळ्या केसांची तरुणी सॅफोच्या एकाही उरलेल्या ओळीत नाही, आणि पांढऱ्या केसांची, गुडघे धरून बसणारी बाई मात्र आहे. तिला कोणी रंगवले नाही.

कवितेच्या नाशाविषयीही अशीच नाट्यमय गोष्ट सांगतात: चर्चने तिची पुस्तके जाळली. कोणी ती होळी १०७३ सालची सांगतात, पोप सातव्या ग्रेगरीच्या नावावर. या गोष्टींना समकालीन पुरावा नाही. खरे कारण बरेच रूक्ष असावे. सॅफोची बोली एओलिक; शाळेत शिकवली जाई अथेन्सची. पपायरसच्या गुंडाळ्यांवरून चर्मपत्राच्या पोथ्यांवर ग्रंथ उतरवून घेण्याचा काळ आला तेव्हा ज्याला मागणी ते उतरले गेले. अवघड बोलीतली गाणी नकलून घ्यायला गिऱ्हाईक उरले नव्हते. जुन्या गुंडाळ्या कुजल्या, नव्या झाल्या नाहीत. कडा आणि होळी या दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, कारण त्यांत कोणीतरी काहीतरी करतो. वाचणारे कमी होत गेले, याचे चित्र कसे काढणार?

मांजँचे चित्र १८८० च्या दशकापासून मँचेस्टरच्या संग्रहात आहे. मँचेस्टर म्हटले की आपल्याला आधी कापूस आठवतो. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा पुरवठा तुटला तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या गासड्या तिथल्या गिरण्यांनी घेतल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच मुंबईचे शेअर कोसळले. त्या गिरण्यांच्या भरभराटीतून या शहराला चित्रांची हौस आली. याच गॅलरीने २०१८ च्या जानेवारीत वॉटरहाउसचे ‘हायलस आणि जलपऱ्या’ हे चित्र काही दिवस भिंतीवरून उतरवले होते. बायकांचे देह आपण कसे टांगतो यावर बोलणे व्हावे म्हणून. लोक रागावले, आठवड्याभरात चित्र परत लागले. मांजँची सॅफो उतरवावी असे मला वाटत नाही. तिच्या शेजारी त्या बारा ओळी मोठ्या अक्षरांत लावाव्यात, फाटलेल्या जागांसकट, असे मात्र वाटते.

आणि जमले तर एक छायाचित्रही. म्युनिकच्या संग्रहालयात एक मातीचे भांडे आहे, ख्रिस्तपूर्व ४७० च्या सुमाराचे. सॅफोनंतर जेमतेम शंभर वर्षांचे, आणि मिनँडरच्या बरेच आधीचे. त्यावर दोन आकृत्या आहेत, दोघांची नावे शेजारी लिहिलेली. एक लेस्बॉसचाच कवी अल्कायस. मान खाली घालून तो गातो आहे आणि त्याच्या तोंडातून लहान लहान वर्तुळे बाहेर पडताना दाखवली आहेत. दुसरी सॅफो, पायघोळ वस्त्रांत. दोघांच्या हातांत लांब दांड्यांची बार्बिटॉस आणि तारा छेडायची नखी. सॅफो निघता निघता मान वळवून त्याच्याकडे पाहते आहे.